पहिली जागा कोणी सोडायची?

ख्रिस्ती माणसाने नम्र असावे याबद्दल आपल्या मंडळ्यांत दुमत नाही. नम्र म्हणजे कसे, याबद्दल मात्र वाद व्हायला हवा होता आणि तो होत नाही. रूढ समजुतीप्रमाणे नम्रता हा स्वभावातला मऊपणा असतो: आवाज खालचा, नजर जमिनीकडे, कोणी कौतुक केले तर ‘सगळी देवाची कृपा’, कोणी हक्क डावलला तर ‘जाऊ द्या, प्रभू बघून घेईल’. तिच्या शेजारीच दुसरी समजूत नांदते. ख्रिस्ताला प्रथम स्थान द्यायचे म्हणजे मनाशी एक यादी करायची, तिच्यात एक नंबरला ख्रिस्त, दोनला कुटुंब, तीनला नोकरी, चारला मंडळीचे काम असे लिहायचे आणि रविवारच्या उपासनेत ती एकदा डोळ्यांखालून घालायची. या दोन्ही समजुती उथळ आहेत. शिवाय त्या कोणाच्या तरी सोयीच्या आहेत, आणि ही सोय बहुतेक वेळा एकाच बाजूची झालेली आहे.

माझे म्हणणे असे. घरात, मंडळीत, संस्थेत एक जागा अशी असते की जिथून शेवटचा शब्द निघतो. ख्रिस्त पहिला आहे याचा अर्थ ती जागा त्याची आहे. हे ज्याने खरोखर मानले तो स्वतः त्या जागेवर बसत नाही आणि दुसऱ्या कोणालाही बसू देत नाही. यातल्या पहिल्या वागण्याला आपण नम्रता म्हणतो. दुसऱ्याला ताठा, उद्धटपणा, बंडखोरी अशी नावे ठेवतो. पण दोन्हींचे मूळ एकच आहे. आणि हे पटले तर पुढची गोष्ट ओघानेच येते: ज्याच्या ताब्यात अशी जागा आहे त्याच्याकडे नम्रतेची मागणी आधी करायची, ज्याला ती कधी मिळालीच नाही त्याला नम्रतेचे प्रवचन देण्याची घाई करायची नाही. आपल्याकडे आजवर उलट घडत आले.

पौलाला नम्रतेचाच संशय का आला

आधी शास्त्राचे पाहू, कारण ‘हे सगळे आधुनिक विचार’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय हा नम्रतेच्या शिकवणीचा गाभा मानला जातो. तिथे येशूने स्वतःला रिकामे केले असे पौल सांगतो. पण त्याआधी तो काय सांगतो? की येशू देवाच्या स्वरूपाचा होता. म्हणजे त्याच्यापाशी रिकामे करण्यासारखे काही होते. भरलेला हात उघडला, म्हणून ती नम्रता. ज्याचा हात मुळात रिकामाच ठेवला गेला त्याला ‘तू हात उघड’ असे सांगण्यात कसली शिकवण आहे?

दुसरी जागा कलस्सैकरांच्या पत्रात आहे आणि ती फार कमी वेळा वाचली जाते. तिथे पौल एका विशिष्ट नम्रतेविरुद्ध चक्क सावध करतो. माणसाने हौसेने अंगावर घेतलेली, देहाला कष्ट देणारी, दिसायला फार धार्मिक अशी ती नम्रता; तिने अहंकार जात नाही, उलट पोसला जातो असे त्याचे निदान आहे. नम्रतेचे ढोंग होऊ शकते ही गोष्ट संप्रदायाला जेमतेम एक पिढी झाली होती तेव्हाच ओळखली गेली होती.

तिसरी जागा मला सगळ्यांत बोचणारी वाटते. करिंथच्या मंडळीत तट पडले होते. कोणी पौलाचे, कोणी अपुल्लोचे, कोणी केफाचे. आणि चौथा तट होता, ‘आम्ही ख्रिस्ताचे’ म्हणणाऱ्यांचा. पौल त्यांना या भांडणातून वेगळे काढत नाही. इतर तिघांच्या रांगेतच उभे करतो. ‘ख्रिस्त प्रथम’ ही घोषणासुद्धा एका तटाचा झेंडा होऊ शकते. किंबहुना ती सर्वांत धोक्याचा झेंडा होते, कारण तिच्याविरुद्ध बोलणारा आपोआप ख्रिस्तविरोधी ठरतो.

आणि बाप्तिस्मा करणारा योहान. त्याने आपले शिष्य येशूकडे जाऊ दिले, आपण मागे सरायचे हे स्वतः सांगितले. नम्रतेचा दाखला म्हणून तो प्रत्येक उपदेशात येतो. त्याच योहानाने हेरोद राजाला तोंडावर सुनावले, तुरुंगात गेला, डोके गमावले. उपदेशात हे दोन प्रसंग वेगवेगळ्या रविवारी येतात, म्हणून ते एकाच स्वभावाचे आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. जो ख्रिस्तासाठी जागा सोडतो तोच हेरोदाला त्या जागेवर बसू देत नाही.

देवळाच्या किल्ल्यांचे भांडण

आता मुंबईत येऊ. आज दादरच्या गोखले रोडवरून जाताना ज्याला सगळे ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतात, ते साल्वासावचे देऊळ मूळ १५९६ चे. सध्याची इमारत चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात उभी केली. बस कंडक्टरपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेल्या त्या नावामागे एक जुना तंटा आहे, आणि माझ्या मुद्द्यासाठी त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

बेट पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे गेले तरी इथल्या कॅथलिक देवळांवर अधिकार गोव्याच्या आर्चबिशपांचा राहिला. १७२० मध्ये कंपनी सरकारने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले आणि रोमने थेट नेमलेल्या कार्मेलाईट धर्मगुरूंना आणले. १७८९ मध्ये देवळे परत गोव्याकडे गेली, १७९१ मध्ये पुन्हा कार्मेलाईटांकडे आली. शेवटी १७९४ मध्ये चार देवळांची सरळ वाटणी झाली: माझगावचे ग्लोरिया आणि दादरचे साल्वासाव गोव्याकडे, एस्पेरान्सा आणि माहीमचे सेंट मायकेल रोमच्या प्रतिनिधीकडे. गोव्याच्या बाजूचे नाव पाद्रुआदो, रोमच्या बाजूचे प्रोपागांडा. श्रद्धा तीच, मिस्सा तोच, लॅटिनही तेच, संतही तेच. प्रश्न एवढाच की धर्मगुरू नेमायचा कोणी. एकाच गल्लीतले दोन शेजारी, प्रसंगी एकाच कुटुंबाच्या दोन शाखा, दोन बिशपांच्या हुकमतीखाली आल्या. हे दुहेरी राज्य १९२८ पर्यंत या ना त्या रूपात चालले. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे या शहरातल्या कॅथलिक माणसाला ‘तू ख्रिस्ताचा का?’ यापेक्षा ‘तू कोणाच्या बाजूचा?’ हे आधी विचारले जात होते.

१८५३ मध्ये हे भांडण टोकाला गेले. माहीमच्या लोकांतला मोठा गट गोव्याच्या बाजूला जायला निघाला, तेव्हा रोमचे प्रतिनिधी बिशप आनास्तासिउस हार्टमान यांनी सेंट मायकेलच्या देवळात स्वतःला कोंडून घेतले. देऊळ सोडण्यापेक्षा मरण पत्करेन अशी त्यांची भूमिका होती. बाहेर वेढा, आत बिशप. कित्येक दिवस हे चालले आणि अखेर सरकारला मध्ये पडावे लागले.

हार्टमान हे सत्तालोलुप गृहस्थ होते असे म्हणून हा प्रसंग निकालात काढता आला असता तर बरे झाले असते. ते तसे नव्हते. ते कापुचिन संघाचे, म्हणजे दारिद्र्याचे व्रत घेतलेले, जाडाभरडा झगा घालणारे साधू. व्यक्ती म्हणून नम्रतेच्या रूढ परीक्षेत ते सहज उतरले असते. रोमशी आज्ञाधारक राहणे हेच त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ताला प्रथम ठेवणे होते. समोरच्या माहीमकरांनाही आपल्या पूर्वजांनी बांधलेले देऊळ आपल्या परंपरेत राखणे हे ख्रिस्ताचेच काम वाटत होते. दोन्ही बाजूंना वैयक्तिक नम्रता होती, भक्ती होती, ख्रिस्ताचे नाव तर होतेच. कमी काय होते? आपल्या हातातल्या किल्ल्या म्हणजे ख्रिस्ताच्या किल्ल्या नव्हेत, हा संशय कोणालाच आला नाही. माणसाने अंगावर साधे कपडे घालावेत, जमिनीवर झोपावे, आणि तरीही त्याचा हुद्दा गर्विष्ठ असावा, हे अगदी शक्य आहे. नम्रता हा स्वभावाचा गुण मानणाऱ्यांना हुद्द्याचा गर्व दिसतच नाही, कारण ते माणसाचा चेहरा पाहत बसतात.

एक आर्चबिशप निघून जातो

१९२८ चा समेटही मासलेवाईक होता. मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा असे ठरले. भारतीय कुठे बसतो, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. पहिली पाळी जोआकीं लिमा यांची झाली. १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स आले.

रॉबर्ट्स यांनी जे केले त्याची आठवण आज मुंबईत फारशी कोणी काढत नाही. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस, कराचीत जन्मलेले, मूळ गोव्याच्या कुटुंबातले, सहायक बिशप झाले. रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्या हाती दिला आणि मुंबई सोडली. पदाचा राजीनामा त्यांना द्यायचा होता, पण आळीपाळीचा करार आडवा होता. त्यांनी पद सोडले असते तर पुढची पाळी पोर्तुगालची. म्हणून ते नावापुरते आर्चबिशप राहिले आणि शहरापासून दूर राहिले, रोम आणि लिस्बन यांच्यात तोडगा निघेपर्यंत. १९५० मध्ये तो निघाला, ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल.

यात व्यवहार होता, साम्राज्य मावळत असल्याचे भान होते, हे मान्य. पण साम्राज्य मावळत होते हे बाकीच्यांनाही दिसत होते. म्हणून किती जणांनी खुर्ची रिकामी केली? आणि रॉबर्ट्स यांचा पुढचा इतिहास तर माझ्या मुद्द्याला जास्त उपयोगी आहे. जागा सोडून ते गप्प बसले नाहीत. चर्चमधल्या अधिकाराचा वापर आणि गैरवापर या विषयावर त्यांनी १९५४ मध्ये पुस्तक लिहिले. युद्ध आणि संततिनियमन या प्रश्नांवर त्यांनी अशी मते जाहीरपणे मांडली की वरिष्ठांची झोप उडाली. ज्याने स्वतःचे सिंहासन सोडले त्याला दुसऱ्यांच्या सिंहासनाचाही फारसा धाक उरला नाही. रूढ व्याख्येप्रमाणे १९४६ चे रॉबर्ट्स नम्र आणि १९६० च्या दशकातले उर्मट ठरतात. मला दोन्हीकडे एकच माणूस दिसतो.

रमाबाईंचा गर्व

हाच प्रश्न खालच्या बाजूने विचारला की पंडिता रमाबाई समोर येतात. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ पदवी दिलेली ही बाई २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेते आणि लगेच पेचात सापडते. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा सल्ला मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी दिला. रमाबाई खवळल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. त्यात धर्ममातेची तक्रार हीच: तुझ्यात गर्व आहे, तू आज्ञा पाळत नाहीस. रमाबाईंचे उत्तर असे की देवाने मला स्वतःची विवेकबुद्धी दिली आहे; मी ती ख्रिस्तापुढे वाकवीन, पाद्र्यापुढे नाही.

यात गर्व होता का? थोडासा असेलही, पंडितांच्या घरी वाढलेल्या माणसाला वादात जिंकण्याची सवय असते. पण कसोटी पुढे लागते. ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन सुरू केले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. ज्या मुलींना जातीचे सोवळे पाळायचे होते त्यांना ते पाळू दिले. स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी मात्र खोलीचे दार लावून घेतले नाही. हे दार उघडे ठेवणे पुढे पुण्यात इतके गाजले की १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. मला त्या उघड्या दारात ख्रिस्ताला प्रथम ठेवण्याची नेमकी रीत दिसते. लपवायचे नाही, लादायचेही नाही. मुलींच्या मनातली जी जागा ख्रिस्ताची, तिथे रमाबाई स्वतः जाऊन बसल्या नाहीत.

नंतर त्यांनीच जाहीरपणे लिहिले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे लिहिणे सोपे नाही. बिशपांपुढे न वाकलेली बाई वाचकांपुढे आपली चूक मांडते. आणि आयुष्याची शेवटची वर्षे कशात गेली? केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून, संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात. तेही पंडितांसाठी नाही, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत. जुळवणी-छपाई सदनातल्या बायकांनीच केली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आले. सरस्वतीने आपले संस्कृत बाजूला ठेवले. तिच्यापाशी ती जागा होती, ती तिने सोडली. बिशपांनी मागितलेली नम्रता तिने दिली नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींना मात्र ती न मागता मिळाली.

घरातली पहिली जागा

नारायण वामन टिळकांची गोष्ट मराठी वाचकाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा. बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनच्या पगारावर पाणी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना दोघांनाही जागा होती, आणि ख्रिस्ताचा गुरू म्हणून स्वीकार ही एकच अट. परदेशी मिशनऱ्यांवर त्यांचे प्रेम होते, पण मिशनची कचेरी आणि ख्रिस्ताचे सिंहासन यांतला फरक त्यांनी कधी विसरू दिला नाही. इथवर ते माझ्या बाजूचे साक्षीदार.

पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिले आणि साक्ष अवघड करून ठेवली. त्या पुस्तकातले टिळक उदार आहेत, तऱ्हेवाईक आहेत, रागीट आहेत आणि घरच्यांना न विचारता घर उधळून देणारे आहेत. मिशनपुढे ताठ असलेला माणूस घरात शेवटचा शब्द आपलाच ठेवतो. आणि घरातली खरी क्रांती लक्ष्मीबाईंची आहे. कडक सोवळ्यात वाढलेल्या या बाईने, बाप्तिस्म्याच्या आधीच, स्वतःच्या विचाराने जातीचा विटाळ टाकून दिला. भेद देवाने केलेले नाहीत, माणसांनी केले आहेत हे तिला कळले आणि त्या दिवसापासून तिने कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. ब्राह्मणपण ही या देशातली सर्वांत जुनी राखीव खुर्ची. ती सोडताना तिने कोणाला साक्षीला बोलावले नाही. कवी टिळकांचे मोठेपण मी कमी करत नाही, पण ख्रिस्ती नम्रतेचा मराठीतला धडा द्यायचा झाला तर तो मी लक्ष्मीबाईंवर देईन.

परळ-दादरचा आक्षेप

आता आक्षेप. त्यातला सर्वांत जड आक्षेप चर्चच्या बाहेरून आला. परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिलेल्या आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर जे लिहिले ते प्रत्येक पाळकाने वाचावे. त्यांचे म्हणणे असे होते की मिशनऱ्यांनी अस्पृश्याला पापाची शिकवण अशी दिली की आपली दुर्दशा समाजाच्या अन्यायातून आली हे न दिसता ती आपल्याच पापातून आली असे त्याला वाटू लागले. त्याची लढण्याची ताकद गेली. १९३८ च्या सुरुवातीला सोलापूरच्या ख्रिस्ती सभेतही त्यांनी हेच सुनावले: सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही उठत का नाही?

या आक्षेपाला ‘त्यांना ख्रिस्ती धर्म कळला नाही’ असे उत्तर देणारे लोक मी पाहिले आहेत. ते उत्तर नव्हे, पळवाट आहे. आक्षेप खरा आहे. जी नम्रता वरून खाली शिकवली जाते ती शिकवणाऱ्याची खुर्ची पक्की करते. नगर, जालना, सोलापूरहून गिरणगावात आलेल्या पिढ्यांना, महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून बाप्तिस्म्याला आलेल्यांना, आपण ‘नम्र व्हा’ सांगितले. त्यांना आधी सांगायचे होते ते हे की आता तुमच्या डोक्यावर ख्रिस्ताखेरीज कोणी नाही. ‘ख्रिस्त पहिला’ हे वाक्य वरच्याला खाली उतरवते आणि खालच्याला उभे करते. त्याचा एकच अर्धा भाग, तोही चुकीच्या माणसाला, शिकवल्यावर आंबेडकरांसारख्याला दुसरे काय दिसणार? मंडळ्यांमध्येही जात शिल्लक राहिली, लग्ने ठरवताना ती आजही विचारली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे.

बंडखोर आणि अहंकारी यांतला फरक

दुसरा आक्षेप मंडळीच्या आतून येतो आणि तोही फालतू नाही. तो असा: तुमच्या व्याख्येने प्रत्येक भांडकुदळ माणूस संत ठरेल. ‘मी फक्त ख्रिस्ताचे ऐकतो’ असे म्हणत कमिटी मोडणारे, मंडळी फोडून शेजारच्या हॉलमध्ये नवी मंडळी काढणारे, स्वतःच्या नावापुढे ‘प्रेषित’ लावणारे आम्ही पाहतो. त्यांचे काय?

इथे दोन कसोट्या लावता येतात. पहिली हिशेबाची आहे: जागा नाकारल्यावर त्या माणसाच्या हाती काय आले? टिळकांचा पगार गेला, रॉबर्ट्सचे शहर गेले, रमाबाईंचे सल्लागार आणि पुण्यातली प्रतिष्ठा गेली. ज्या बंडाच्या शेवटी बंडखोराला नवी खुर्ची, नवी गाडी आणि नव्या फलकावर मोठा फोटो मिळतो त्या बंडाला ख्रिस्ताचे नाव देऊ नये. दुसरी कसोटी खोल आहे. जागा रिकामी राहत नाही. एक उठला की दुसरा बसतो, व्यक्ती उठली की समिती बसते. म्हणून नुसते ‘कोणी वरचा नको’ एवढ्याने भागत नाही, ख्रिस्त लागतो. कारण पहिल्या जागेवर बसून त्याने काय केले हे आपल्याला माहीत आहे: शेवटच्या भोजनाच्या रात्री कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्याच्या नावाने येणारा कोणताही हुकूम, वडिलांचा असो की बंडखोराचा, पाय धुणाऱ्याचा हुकूम वाटतो का, एवढे विचारावे. माहीमच्या देवळातला तंटा या प्रश्नापुढे दोन्ही बाजूंनी टिकत नाही.

वारकरी परंपरेची आठवण इथे देणे अस्थानी नाही. दिंडीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वडीलधारा धाकट्याच्याही पडतो. तिथे कोणी एक वर आणि दुसरा खाली असे उरत नाही. चोखोबांना देवळाबाहेर ठेवणाऱ्या समाजाने ती रीत पुरती पाळली नाही, पण रीत म्हणून ती पाय धुण्याच्या फार जवळची आहे. तुकोबांशी आपले नाते टिळक उघडपणे सांगत, ते उगीच नव्हे. मराठी ख्रिस्ती माणसाला नम्रता परदेशातून आणावी लागली नसती.

तिसरा आक्षेप साध्या माणसाचा. ‘आम्ही ना बिशप, ना पंडिता, आम्हाला सोडायला खुर्चीच कुठे आहे?’ आहे. परळच्या रुग्णालयात रात्रपाळी करणारी सिस्टर डॉक्टरपुढे खालच्या जागेवर असते आणि आयेपुढे, गावाहून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकापुढे वरच्या. तिने डॉक्टरची चूक दाखवायला कचरू नये आणि नातेवाइकाचा प्रश्न तिसऱ्यांदा ऐकून घ्यावा. एकाच पाळीत, एकाच वॉर्डात दोन्ही लागते. नोकरीत साहेबापुढे वाकणारे आणि घरी बायकोपुढे साहेब होणारे आपण बहुतेकजण याचा व्यत्यास करतो आणि त्यालाच नम्र स्वभाव म्हणतो.

आपल्या मंडळ्यांपुरते

आज मुंबईत हा प्रश्न तत्त्वाचा राहिलेला नाही. गिरगाव, भायखळा, दादर, परळ इथल्या जुन्या मिशनांच्या आणि धर्मग्रामांच्या ताब्यात ज्या जमिनी आहेत त्यांचा आजचा भाव मूळ देणगीदारांच्या स्वप्नातही आला नसता. विश्वस्तपदाला त्यामुळे वजन आले आहे, निवडणुकांत गट पडतात, पुनर्विकासाच्या करारावर सह्या कोणी करायच्या यावरून भाऊबंद कोर्टात जातात. आणि हे सगळे करणारी माणसे प्रार्थनेला उभी राहिली की स्वतःला धूळ आणि राख म्हणवतात. पौलाने कलस्सैकरांना दिलेला इशारा दुसरा कोणता होता?

म्हणून माझी विनंती अगदी कोरडी आणि कारभाराची आहे. आपल्या मंडळीत विश्वस्त किंवा पंच म्हणून सलग दोन मुदती झालेल्याने तिसऱ्यांदा उभे राहू नये, असा ठराव पुढच्या वार्षिक सभेत मांडा. हिशेब छापून प्रत्येक सभासदाच्या घरी द्या, केवळ मागेल त्याला नको. नाताळच्या कार्यक्रमात पहिली रांग पाहुण्यांसाठी आणि पदाधिकाऱ्यांसाठी राखून ठेवणे बंद करा. नव्या बांधकामावर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या नकोत. पाळकाच्या चुकीवर बोलणाऱ्या सभासदाला ‘नम्रता शिका’ असे उत्तर देण्याआधी त्याचे म्हणणे खरे आहे की नाही ते तपासा. आणि मंडळीत जात पाहून सोयरीक जमवणाऱ्या वडिलांना प्रभुभोजनाचा पेला फिरवण्याचे काम देऊ नका. ठराव मांडणाऱ्यांवर गर्वाचा आरोप होईल. तो ऐकून घ्या आणि मतदान घ्या.